मानेखालचा हात

मान मागं पडली, एवढंच झालं. टीव्हीचा आवाज बंद होता. खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हानं पडद्याचा एक कोपरा पांढरा करून टाकला होता. उरलेल्या चित्रात, एका मोठ्या स्टुडिओत, पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांमध्ये तो खाली वाकला, एका बाईच्या मांडीवरचं तान्हं मूल त्यानं काखेत हात घालून उचललं आणि डाव्या दंडावर टाकलं. उजवा हात मोकळा ठेवला, कारण उजवा हात लोकांना करायचा असतो. तेवढ्यात त्या मुलाची मान मागं गेली. जराशीच, पाण्यानं भरलेल्या फुग्याचं तोंड कलंडावं तशी. आणि इकडे माझा हात, मी न सांगताच, माझ्या मांडीवरच्या उशीवर झोपलेल्या टिटवीच्या मानेखाली जाऊन पोचला. तिला काही झालेलं नव्हतं. ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब घेऊन ती झोपली होती, आणि माझं काळीज मात्र धाडधाड वाजत होतं, जिन्यावरून पाय घसरून पुन्हा सापडल्यावर वाजतं तसं. मी चित्र मागं नेलं. पुन्हा बघितलं. मान गेली, आणि चौकटीच्या कडेनं एक हात आत आला, त्या मुलाच्या आईचा, मनगटाला केसांचं रबर अडकवलेला. त्यानं मान सावरली आणि तो गेला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मूल घेतलेल्या त्या माणसाचं हसू जसं होतं तसंच होतं. त्याला काही कळलंच नव्हतं. तो कॅमेऱ्याकडे बघत होता.

हे बघणं माझं काम आहे. आमचं एक छोटंसं ऑफिस आहे, आणि माणसं टीव्हीवर कशी दिसतात हे आम्ही पैसे घेऊन सांगतो. पक्ष आमच्याकडे काटछाट न केलेलं रेकॉर्डिंग पाठवतात, आम्ही अहवाल पाठवतो. ह्या माणसाला लोक आपल्या बैठकीच्या खोलीत रोज संध्याकाळी सहन करतील का, हा आमचा प्रश्न. बाकी त्याचं धोरण, त्याचा जाहीरनामा, त्यानं कुणाचं भलं केलं आणि कुणाचं खाल्लं, ह्याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. सरांनी कामाची एक पद्धत घालून दिलीय. प्रत्येक रेकॉर्डिंग तीनदा बघायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून, त्याला आम्ही मुकी फेरी म्हणतो. मग चित्र झाकून नुसतं ऐकायचं, ती आंधळी. आणि मग दोन्ही. आंधळीला आमच्याकडे एक निवृत्त संगीतशिक्षक आहेत, ते डोळे मिटून ऐकतात आणि कधीकधी झोपतात. मुकी माझी. लहानपणापासून मला माणसं ऐकू कमी येतात आणि दिसतात जास्त. म्हणून बाळंतपणाची रजा असूनही सरांनी रेकॉर्डिंग घरी धाडलं होतं. ‘फक्त मुकी कर, बाकीचं आम्ही ओढतो इकडे,’ म्हणाले. टिटवी झोपली की मी बघते. टिटवी म्हणजे माझी मुलगी. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ती रडायला लागली की सगळ्या मजल्यांवर बातमी जाते, म्हणून तिच्या बाबानं हे ठेवलं आणि तेच चिकटलं. ती झोपली की घर हातात आलेल्या फुलपाखरासारखं होतं, मूठ वळायची नाही आणि उघडायचीही नाही. त्या वेळात मी लिहिते. एका हातानं, कारण दुसरा तिच्याखाली असतो.

तर तो. ऑफिसात आम्ही त्याला ‘उगवता’ म्हणतो. राज्यातला एक मंत्री, कालपरवापर्यंत फोटोत मागच्या रांगेत, पुढच्याच्या खांद्यावरून अर्धं तोंड दाखवणारा. आता कुठलाही चॅनल लावा, हा आहेच. रस्ते, हवामान, मुलांच्या परीक्षा, सगळ्यांवर ह्याचं मत आहे आणि सगळ्या मतांवर एकच चेहरा. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू आत्ता कुठेतरी खड्डा खणून आलाय, पण त्या दुमडीला इस्त्री केलेली असते. मुक्या फेरीत असलं सगळं लख्ख दिसतं. गरिबांचं नाव निघालं की चष्मा काढतो. चष्मा काढल्यावर त्याला समोरचं दिसत नसावं, आणि तेच सोयीचं असावं. हसताना आधी दात येतात, डोळे मागून येतात, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखे, बसायला जागा आहे का बघत. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आत मान डोलवायला लागतो. किती समजूतदार! आणि ती मुलाखत घेणारी, जी भल्याभल्यांना घाम फोडते, ती त्याच्यासमोर बसली की खुर्चीत अशी वितळते, की वाटतं, आता हिला चमच्यानं गोळा करावं लागणार. मला त्याची किळस येते. राग नाही येत. रागाला समोर कुणीतरी माणूस लागतो. भिंतीत ओल दिसल्यावर जे होतं, ते मला त्याच्याकडे बघून होतं.

पण ओल सोडून आणखी एक आहे. प्रश्न आला, की तो लगेच उत्तर देत नाही. खाली बघतो, स्वतःच्या हातांकडे, नखांकडे, क्षणभर थांबतो, आणि मग नजर उचलून बोलतो. ह्या थांबण्यावर अख्खं राज्य फिदा आहे. ‘विचारी नेता’ असं लिहून आलं, एका पेपरनं तर नुसत्या त्या खाली घातलेल्या नजरेचा फोटो छापला. ते थांबणं माझ्या बाबांचं आहे. बाबा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे असायचे आणि त्यांची जीभ अडखळायची. कुणी काही विचारलं, की शब्द घशात अडकायचा, मग ते स्वतःच्या नखांकडे बघायचे. नखं स्वच्छ आहेत का बघतोय असं समोरच्याला वाटावं, म्हणून. आणि तो शब्द सुटला, की मान वर करून, एका दमात, फार हळू आवाजात सांगायचे. मी काउंटरच्या मागे खोक्यावर बसून गृहपाठ करत हे बघायची. मला वाटायचं, जगातले सगळे बाबा बोलायच्या आधी नखं बघतात. उगवत्याचं पहिलं रेकॉर्डिंग आलं तेव्हा टिटवी पोटातही नव्हती आणि बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. मी अहवालात लिहिलं होतं : उत्तराची घाई करतो, त्यामुळे पाठ केल्यासारखं वाटतं. प्रश्नानंतर स्वतःच्या हातांकडे बघावं. एक श्वास. मग बोलावं. चांगलं वाक्य होतं. सर म्हणाले, ‘अगं, हे सोनं आहे.’ पुढच्या मुलाखतीत त्यानं खाली बघितलं, आणि मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसल्याबसल्या बाबा दिसल्यासारखी पुढे झाले. ज्याची जीभ जन्मात कधी अडली नसेल अशा माणसाच्या तोंडावर माझ्या बाबांची लाज बसली होती, आणि त्याला ती किती शोभत होती!

संध्याकाळी तीच मुलाखत बाहेरच्या खोलीत लागली. सासूबाई रोज बघतात. त्यांना तो फार आवडतो. ‘आपल्यातलाच वाटतो बाई,’ म्हणतात. म्हणजे कुणातला, हे मी कधी विचारलं नाही. मूल उचलायचा प्रसंग आला तशा त्या पुढे सरकल्या.

‘बघ, बघ! कसं हक्कानं उचललं! हल्लीच्या पुरुषांना येतं का असं?’

‘आई, मी पण पुरुष आहे,’ टिटवीचा बाबा जेवता जेवता म्हणाला. तो लिफ्ट तपासायचं काम करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली होऊन येतो आणि घरी आल्यावर कशावरच फार वर किंवा फार खाली जात नाही.

‘तू? तू तिला उचलतोस तेव्हा वाटतं गॅसचा सिलिंडर आलाय.’

मी पडद्याकडे बघत होते. मान मागं गेली का? गेली नाही. म्हणजे गेली असणार, पण चॅनलनं चित्र जवळून दाखवलं होतं, त्याचा चेहरा आणि मुलाचं टोपरं, बास. तो मनगटाला रबर लावलेला हात कापलेला होता. आईचा हात छाटला आणि उरलं त्याला माया म्हणाले.

‘त्यानं मान नाही धरली त्या मुलाची,’ मी म्हणाले.

‘कुणाची?’

‘त्या बाळाची. मागं पडली होती. आईनं सावरली.’

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी भाजीत मीठ विसरले की बघतात तसं. ‘अगं, आम्हाला नाही दिसली ती.’

‘दाखवलीच नाही तर दिसणार कशी?’

‘तुला ना, चांगल्यातलं चांगलं बघवत नाही. दिवसभर त्या टीव्हीत डोकं घालून घालून तुझं असं झालंय. मेला कुणी हसला, की तू त्याचे दात मोजतेस.’

‘आई, ते तिचं कामच आहे,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, पाणी मागावं तसं, ‘पण खरं सांग, तुला तो आवडत नाही म्हणून तो पडणार, असं थोडंच आहे?’

तसं नव्हतंच. हेच तर होतं. सरांनी ह्या खेपेला नेहमीचा प्रश्न विचारलेला नव्हता. राज्याचं झालं होतं, राज्य त्याच्या खिशात होतं. आता पक्षाला विचारायचं होतं ते मोठं : हा देशाला चालेल का? दुसरी भाषा, दुसरे चेहरे, ह्याचं एक अक्षर न कळणारे लाखो लोक, म्हणजे आवाज बंद करून बघणारेच की ते. म्हणून मुकी फेरी निर्णायक, म्हणून मी. आणि मी जितक्यांदा बघितलं तितक्यांदा मला तेच दिसलं. चालेल. धावेल. ज्यांना ह्याचं काही कळणार नाही त्यांना हा जास्तच आवडेल. माझी किळस एका बाजूला आणि माझे डोळे दुसऱ्या बाजूला, आणि डोळ्यांनी आजवर मला कधी फसवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, टिटवीच्या आंघोळीच्या गडबडीत सरांचा फोन आला. मी तो कान आणि खांद्यामध्ये धरला.

‘हो की नाही? एका ओळीत सांग. बाकीचं नंतर लिही.’

‘सर, मला तो खोटा वाटतो.’

‘ते तुझं मत झालं. खोटा दिसतो का?’

टिटवी माझ्या हातावर होती, साबणानं निसरडी, मासोळीसारखी. पाण्यात पाय आपटत होती.

‘नाही,’ मी म्हणाले.

‘मग? मूल उचलायची क्लिप सगळीकडे फिरतेय. त्याच्यावर जरा विस्तारानं लिही. काही सुधारता येण्यासारखं असेल तर सांग. ते आता ह्याच्यावरच सगळं उभं करणार आहेत. आणि हे बघ, हे काम नीट गेलं, तर पुढची वर्षभराची मोहीम आपल्याकडे. तू घरूनच कर. तुला तेच हवं होतं ना?’

तेच हवं होतं. घरून, तिच्या झोपेच्या वेळात, तिला कुठे न सोडता. फोन घसरून पाण्यात पडायच्या आत मी ‘हो सर’ म्हटलं. त्या दुपारी मी अहवाल लिहिला. बाह्या, चष्मा, दात आणि डोळे, सगळं लिहिलं. हसू अर्धा क्षण उशिरा सुरू करावं म्हणजे डोळ्यांना पोचायला वेळ मिळेल, हेही लिहिलं. मुलाची मान लिहिली नाही. मला त्यात एक बारीक, गोड, वाईट सुख झालं. असं झालं, की सगळ्या घराची झाडलोट करून द्यावी आणि एका कपाटाखाली एक विंचू आहे हे न सांगता निघून यावं. कधीतरी, देशभर दिसणाऱ्या एखाद्या चॅनलवर, कुणी काटछाट न केलेल्या चित्रात ती मान पुन्हा पडेल. आणि कुठल्यातरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या भाषेतली, दूध सांडलेल्या कपड्यांतली एक बाई आपल्या पलंगावर बसल्याबसल्या एकदम पुढे होईल. मग दुसरी होईल. त्याला कसं पकडायचं हे माझ्यापाशी होतं आणि ते मी त्याला विकणार नव्हते. बाबांचं विकलं तेवढं पुरे. मी अहवाल लगेच पाठवला नाही. उद्या पाठवू म्हटलं. टिटवी उठली होती.

मान. हॉस्पिटलात ज्या नर्सनं मला टिटवी पहिल्यांदा हातात दिली, ती कंटाळलेली, जाडजूड, दिवसभर उभं राहून पाय सुजलेली बाई होती. मी घाबरून हात पुढे केले तशी म्हणाली, ‘काचेचं भांडं नाहीये ते. भरलेलं भांडं आहे. सांडू नका, बास.’ तेव्हापासून मी न सांडता राहते. आंघोळ, दूध, ढेकर, गाडीतून, जिन्यातून, सगळीकडे माझ्या हाताला तेवढंच एक काम आहे. बाई किती वजन उचलते असं कुणी विचारलं, तर मी टिटवीच्या डोक्याचं वजन सांगेन. अजून तिनं मान धरली नव्हती. सासूबाई रोज तिला पालथी टाकून बघायच्या, ‘आज धरते का, उद्या धरते का,’ आणि ती नाक गादीत खुपसून टिटवीसारखी ओरडायची. मला मनातून घाई नव्हती. तिनं मान धरली की माझ्या हाताचं हे काम संपणार, आणि ह्या कामाइतकं खरं काम मी आयुष्यात दुसरं कुठलं केलेलं नाही. नोकरी तर नाहीच.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी लागली. उगवता दौऱ्यावर निघणार. शहराशहरांत जाऊन आयांना भेटणार, ‘लेकरांच्या देशासाठी’ असं काहीतरी नाव. व्यासपीठावर तो चढणार आणि आया आपली मुलं त्याच्या हातात देणार, प्रत्येक शहरात, लाइव्ह. त्या एका क्लिपचं त्यांनी इतकं मोठं पीक काढलं होतं. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.

‘आपल्याकडे पण येणारेत! अगं, आपल्या टिटवीला नेऊ या का?’

‘कुठे?’

‘कुठे काय, त्याच्या हातात द्यायला. फोटो येईल. मोठी झाल्यावर सांगता येईल तिला, देशाच्या पंतप्रधानांनी तुला कडेवर घेतलं होतं म्हणून.’

‘तो अजून कुणी झालेला नाही.’

‘होईल गं. तूच तर म्हणतेस, तुझं ऑफिस म्हणतं.’

‘आई, ती मान धरत नाही अजून.’

‘मग? तो काय टाकणार आहे होय तिला? इतकी माणसं असतात भोवती.’

‘ती कुठेही जाणार नाही,’ मी म्हणाले. आवाज माझा नव्हता. टिटवीच्या बाबानं बुटाची नाडी बांधताबांधता वर बघितलं.  सासूबाईंनी रुमाल घेतला आणि नसलेली धूळ टीव्हीवरून पुसली, त्याच्या चेहऱ्यावरून, हळूहळू, मला दिसेल अशी.

टिटवी जाणार नाही, हे ठरलं. ते ठरवणं सोपं होतं. पण तिच्याऐवजी दुसरी जाणार होती, तिच्याएवढी, मान न धरलेली. तिची आजीही असंच पुढे सरकून म्हणणार होती, फोटो येईल. व्यासपीठावर गर्दी, दिवे, भोंगे, आणि तो घाईनं काखेत हात घालून उचलणार, डाव्या दंडावर टाकणार, उजवा हात लोकांना करणार. तिथे आईला शेजारी उभी करतील का? चित्रात दुसरा हात नको म्हणून तिला खाली थांबवतील. मग कुठून येणार तो रबर लावलेला हात? मी दुपारभर हेच बघत बसले, बंद टीव्हीच्या काळ्या काचेत. माझा विंचू कपाटाखाली होता आणि आता त्या खोलीत मुलं रांगायला सोडणार होते. मी त्याला पकडायला बसले होते आणि आमिष म्हणून लावली होती कुणाकुणाची मान. म्हणजे मी आणि तो, कॅमेऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, एकच काम करत होतो. त्याची किळस यायची तशी मला एकदम माझ्या स्वच्छ, हुशार, न लिहिलेल्या ओळीची आली. आणि लिहिली, तर? तर तो शिकेल. शिकण्यात तो कच्चा नाही. मग त्याच्यात काहीच सापडणार नाही. ज्या एका जागी तो उघडा होता तिथे मी माझ्या हातानं पांघरूण घालणार. देशभर लोक बघतील, काय सुरेख धरलंय, आणि ते खरंच सुरेख धरलेलं असेल. लिहिलं तर तो निवडून येईल, नाही लिहिलं तरी येईल, फरक फक्त मुलांच्या मानेला पडेल. असं मी स्वतःशी म्हटलं. पूर्ण पटलं नाही. पण टिटवीनं झोपेत एक उसासा टाकला, मोठ्या माणसासारखा, सगळं कळल्यासारखा, आणि मी लिहायला घेतलं.

नुसतं ‘मान धरावी’ लिहून भागणार नव्हतं. तो दोन बोटांत धरेल, फुलासारखी. मी टिटवीला उचललं आणि स्वतःची मुकी फेरी केली. मी आधी काय करते, मग काय करते, हे मी कधी बघितलंच नव्हतं. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले. एक बाई दिसली, केस न विंचरलेली, खांद्यावर दुधाचा डाग, आणि तिच्या हातांना सगळं येत होतं. ते मी शब्दांत उतरवलं : आधी आईच्या डोळ्यांत बघून मूल मागावं. उचलताना पहिला हात मानेखाली, दुसरा नंतर. डोकं उजव्या कोपराच्या खळग्यात, तळवा पाठीखालून पुढे, करंगळी कुल्ल्याच्या दुमडीत. मूल हातावर आल्यावर आधी त्याच्याकडे बघावं. ते स्थिरावलं, श्वास संथ झाला, की मग दुसरीकडे बघायला हरकत नाही. पुन्हा वाचलं. चांगलं होतं. लाज वाटण्याइतकं चांगलं होतं. मी ते पाठवून दिलं आणि टिटवीला छातीशी घेऊन कितीतरी वेळ खोलीत येरझाऱ्या घातल्या. जणू तिचं काहीतरी मी खिडकीतून खाली टाकलं होतं आणि तिला ते कळू द्यायचं नव्हतं. सरांचं उत्तर आलं : ‘अप्रतिम. आईपणानं तुझी नजर आणखी धारदार झाली.’

दौऱ्याचा पहिला दिवस उजाडला तोपर्यंत घरातले पडदे बदलले होते, टिटवीची पहिली झबली आखूड झाली होती. देशाच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात सभा होती, तिथली भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसलो होतो. टिटवी माझ्या खांद्यावर होती. तो व्यासपीठावर चढला. बाह्या दुमडलेल्या. कुणीतरी काही विचारलं, त्यानं नखांकडे बघितलं, आणि गर्दी शांत झाली. मी मान फिरवली. पुन्हा बघितलं तेव्हा एक बाई पुढे आली होती, हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी, इतकं लहान की आधी ते मूल आहे हेच कळेना. त्यानं आईच्या डोळ्यांत बघितलं. पहिला हात मानेखाली गेला. दुसरा मागून. डोकं उजव्या कोपराच्या खळग्यात बसलं, आणि तो उभा राहिला. आणि लोक ओरडायला लागले, त्याचं नाव, पुन्हा पुन्हा, आता तो हात वर करणार म्हणून. त्यानं हात वर केला नाही. करताच येईना. त्याचा उजवा हात अडकलेला होता. डाव्यानं हात करायची त्याला सवय नव्हती. एकदा तो डावा थोडा उचलल्यासारखा झाला आणि गोंधळून मुलाच्या पायांवर जाऊन बसला.

‘अगं बाई!’ सासूबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. ‘हात करायचं विसरला बघ. मुलापुढे त्याला कुणी दिसेना.’

टीव्हीवरचा माणूसही तेच म्हणत होता, भरून आलेल्या गळ्यानं : एवढा जनसमुदाय समोर असताना साहेबांनी आज हात उंचावला नाही, हे चित्र देश विसरणार नाही.

टिटवीचा बाबा माझ्या हातांकडे बघत होता. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

‘हा तुझ्यासारखा धरतोय,’ तो हळूच म्हणाला. ‘उलट्या हाताला. तू डावखुरी आहेस म्हणून तू तसं धरतेस. हा कशाला?’

मी डावखुरी आहे. डावा हात चमच्याला, दाराच्या कडीला, लिहायला लागतो, म्हणून टिटवी कायम उजवीकडे. आरशासमोर उभं राहून मी ते लिहिलं आणि सगळ्या जगाला दोन हात असतात आणि ते माझेच असतात असं धरून चालले. एवढी एक चूक माझी. आणि तिच्यावर स्वार होऊन तो आता राज्याच्या हद्दीबाहेर गेला होता. त्याच्या शंभर सल्लागारांना सुचलं नसतं की ह्याचा हात बांधून टाका म्हणजे हा मोठा दिसेल. मला हसू आलं, घाणेरडं, घशातल्या घशात. सरांचा निरोप फोनवर चमकला : ‘हात न करण्याची आयडिया तू सांगितली नव्हतीस. कमाल! देश आपला.’

मी रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. ‘अगं, ऐकू दे की,’ सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचंही लक्ष चित्रातच होतं. खोली मुकी झाली. मी नेहमीसारखी बघायला लागले. आता नजर कॅमेऱ्याकडे जाईल. आता जाईल. दात आधी येतील, डोळे मागून. मी वाट बघितली. तो मुलाकडे बघत होता. वजन असतं ना, मानेचं, ते कोपराच्या खळग्यात पडलं की डोळे खाली येतातच, कुणाचेही. त्याच्या कपाळावर घाम होता. तो घाबरलेला होता, सांडेल म्हणून. त्या मुलानं जांभई दिली, मूठ तोंडाशी नेली, आणि ते झोपलं. हात बरोबर पडलाय एवढंच त्याला हवं होतं, कुणाचा आहे हे त्यानं कशाला विचारावं? मी शोधत राहिले. बाह्यांवर इस्त्री होती, ती मला दिसत होती, मी तिला घट्ट धरून राहिले. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्याचा तिरस्कार मला तेवढाच वाटत होता, कणभरही कमी झालेला नव्हता, फक्त तो आता उभा राहणार कशावर, हे कळत नव्हतं.

माझ्या खांद्यावर काहीतरी हललं. गालाला लागून असलेली ऊब सुटली आणि तिथे वारा लागला. माझा हात सवयीनं मागं गेला, मानेखाली, आणि तिथे भार नव्हता. टिटवीनं डोकं उचललं होतं. डुगडुगत होतं, पण तिचं तिनं धरलं होतं. ‘धरली! धरली बघ मान!’ सासूबाई टीव्ही विसरून ओरडल्या, तिचा बाबा उठून जवळ आला, त्याला दाखवायला मी पडद्याकडे पाठ करून वळले, आणि टिटवी ह्या कुणाकडेच न बघता, डोळे मोठे करून, माझ्या खांद्यावरून पडद्यावरच्या उजेडाकडे बघत होती. तिथे तो होता, मोठा, भिंतभर, मूल घेतलेला. ती हसली. मी झटकन फिरले आणि पडद्याकडे तिची पाठ केली. तिनं मान वळवली. आता तिला वळवता येत होती.